राबियाच्या गळाची काठी

शिरूरच्या बाजारतळामागं पोपट बुरडाचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रा, खाली सुपं आणि टोपल्यांची उतरंड, आणि मागच्या भिंतीला टेकवून उभे केलेले बांबू. त्या दिवशी सकाळपासून अजीम शेख त्या बांबूंच्या मागं लागला होता. एक उचलायचा, एक डोळा मिटून त्याच्यावरून नजर सरळ टाकायची, गाठी चाचपायच्या आणि बाजूला ठेवायचा. बाजूला ठेवलेल्यांचा ढीग वाढत गेला आणि भिंत उघडी पडत गेली.

"मामा, शिडी करायचीय का मांडव घालायचाय?" पोपटनं शेवटी न राहवून विचारलं.

"गळाची काठी पायजे. मासं धरायची."

"मग त्यात एवढं काय बघताय?"

"ही वाकडी हाय. हिची पेरं सारखी न्हाईत. आन् ही बघ, एका अंगानं जाड, एका अंगानं बारीक."

पोपटनं हातातलं सूप खाली ठेवलं. "मामा, तुमी कंपनीत व्हता का?"

"व्हय. रांजणगावला. क्वालिटीत."

"तरीच," पोपट म्हणाला आणि पुन्हा सूप विणायला लागला.

अजीमला ओळखणाऱ्या कुणालाही हे ऐकून हसू आलं असतं. तीस वर्षं हा माणूस रांजणगावच्या एका कारखान्यात टेबलापाशी उभा राहून तयार झालेले सुटे भाग तपासत होता. भाग हातात घ्यायचा, मोजायचा, उजेडात धरायचा. बरा असला तर हिरव्या पेटीत, खोट असली तर लाल पेटीत. त्याच्या हातून खराब माल कधी बाहेर गेला नाही, असं निवृत्तीच्या कार्यक्रमात साहेबांनी माईकवर सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण कंपनीनं त्याला घरी पाठवलं तेव्हा ती लाल पेटी काही काढून घेतली नाही. ती त्याच्यासोबत शिरूरच्या घरीच आली.

खरं तर ती घरात आधीपासूनच होती, पण तेव्हा शिफ्ट असायची. माणूस आठ तास बाहेर, दोन तास कंपनीच्या बसमध्ये आणि उरलेला वेळ झोपेत. बायकोच्या वाट्याला थोडाच यायचा. आता तो दिवसभर घरात. चपाती ताटात पडली की तो ती कडेनं फिरवून बघायचा. दोरीवरच्या कपड्यांना चिमटे सारख्या अंतरावर का नाहीत, हे तो विचारायचा. डब्यांची झाकणं, नळाचा थेंब, पडद्याची दुमड, सगळ्यांवर त्याची नजर. आवाज चढवायचा नाही, शिवी तर तोंडात नाहीच, हात उगारणं लांबच राहिलं. आपण चांगला नवरा आहोत अशी त्याची पक्की समजूत होती, आणि चार लोकांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. फक्त राबियाला कुणी विचारलं नव्हतं.

राबिया त्याची बायको. माहेर वडगाव रासाई, भीमेच्या काठावरचं. बोलायला कमी, पण एकदा मनात घेतलं की हलायची नाही. तिची लेक सुफिया पलीकडं दौंड तालुक्यात भांडगावला दिलेली. जावई सोहेबचं तिथं हायवेला गॅरेज. सुफियाला मुलगी झाली तेव्हा राबियानं नातीसाठी गोधडी शिवायला घेतली. जुन्या साड्या, अजीमचे कंपनीचे झिजलेले शर्ट, सुफियाच्या शाळेतल्या फ्रॉकचे तुकडे, असं सगळं त्या गोधडीत होतं. पावसाळाभर ती खिडकीपाशी बसून टाके घालत होती. गोधडी झाली तेव्हा शेजारच्या बायका बघायला आल्या. तेजश्री नावाची शेजारची सून तर हात फिरवून म्हणाली की चाची, मलाही एक शिवून द्या. राबिया हसत होती. तेवढ्यात अजीम आतून टेप घेऊन आला.

त्यानं गोधडी पलंगावर पसरली, चारी बाजू मोजल्या आणि म्हणाला, "हिकडची बाजू दोन बोटं कमी भरतीया."

तेजश्रीनं गोधडीवरचा हात काढून घेतला. राबियानं गोधडीची घडी घातली, पिशवीत ठेवली, वर आपले दोन ड्रेस टाकले आणि म्हणाली, "सुफियाकडं देऊन येते."

ती आलीच नाही. अजीमनं पहिल्यांदा दुर्लक्ष केलं, मग फोन केला. फोन सुफियानं उचलला. "अब्बा, अम्मी बरी हाय. पण येते म्हणत न्हाई." पुढच्या आठवड्यात त्यानं परत फोन केला. उत्तर तेच. "येणार कवा?" असं त्यानं विचारलं तेव्हा सुफिया म्हणाली, "अब्बा, तिनं हितं शिवणकाम सुरू केलंय. मला न्हाई वाटत ती येईल."

तेव्हा कुठं त्याला कळलं की ती खरंच गेलीय. घरात त्यानं चहा केला, तो सांडला, आणि सांडला म्हणून कुणाला काही सांगता येईना. ओट्यावरचा डाग तसाच दोन दिवस राहिला.

मेहुण्यानं मध्यस्थी करावी म्हणून तो वडगावला रहीमकडं गेला. रहीम राबियाचा थोरला भाऊ, ऊस आणि कांदा करणारा, सरळ बोलणारा माणूस. त्यानं पाणी दिलं, खाट टाकली आणि सगळं ऐकून घेतलं.

"दाजी, मी काय बोलू तिला?" रहीम म्हणाला. "ल्हान व्हती तवा बाबा तिला संगं घेऊन ओढ्यावर जायचं. बाबांचा गळ धरून बसायची, तासन् तास. तुला तुझी काठी करून देतो, असं बाबा दर वर्साला म्हणायचं. मग ती मोठी झाली, पोरीच्या जातीनं ओढ्यावर बसू नये म्हणून आमच्या आजीनं बंद केलं. काठी ऱ्हायलीच. लग्न झाल्यावर तुमाला म्हणली व्हती ना ती?"

अजीमला आठवलं. नवीन लग्न झालेलं, दोघं वडगावच्या पुलावरून चालले होते, आणि ती खाली ओढ्याकडं बघून म्हणाली होती, मला एक गळाची काठी घेऊन द्याल का? तो म्हणाला होता, "बघू." त्यानंतर तिनं साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही, काहीच मागितलं नाही. तो इतकी वर्षं ह्याला बायकोचा समाधानी स्वभाव समजत होता. खाटेवर बसल्या बसल्या त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायची त्याला सवय नव्हती.

म्हणून तो पोपटच्या दुकानात उभा होता. बायकोची पहिली काठी निवडत होता आणि जीव ओतून निवडत होता. आता गंमत अशी की त्यानं आयुष्यात गळ टाकलेला नव्हता. पण माल तपासणाऱ्याला मालाचा उपयोग माहीत असायलाच पाहिजे असं थोडंच आहे? त्यानं त्याच्या कसोट्या लावल्या. कारखान्यात दोन भाग बसवल्यावर मध्ये जरा जरी हालचाल राहिली की त्याला 'प्ले' म्हणतात, आणि प्ले असलेला भाग थेट लाल पेटीत जातो. अजीमनं प्रत्येक बांबू बुडख्याला धरून हलवला. ज्याचा शेंडा लवलवला तो बाद. दुपार कलली तेव्हा त्याला पाहिजे तसा एक सापडला. सरळ, गुळगुळीत, भरीव, बुडापासून वरपर्यंत जवळजवळ सारखा. शेंड्याची शेवटची हातभर तेवढी बारीक होती आणि जरा हलत होती. त्यानं पोपटकडून करवत मागून घेतली आणि ती हातभर कापून टाकली.

पोपटनं बघितलं. त्याला मासेमारीतलं काही कळत नव्हतं, त्यामुळं तो काही बोलला नाही.

घरी अजीमनं काठीला कानस मारली, पॉलिश पेपर घासला, तेल पाजलं. धरायच्या जागी हिरवी टेप गुंडाळली. हिरवीच का, हे त्याचं त्याला माहीत. आणि दुसऱ्या दिवशी काठी स्कूटरला उभी बांधून तो न्हावऱ्याच्या रस्त्यानं, भीमेचा पूल ओलांडून, चौफुल्यावरून भांडगावला गेला. रस्त्यात उसाच्या ट्रॉलीवाल्यांनी त्याच्याकडं वळून वळून बघितलं. त्याला त्याचं काही नव्हतं. काठी बघून राबियाचा चेहरा कसा होईल, एवढंच तो मनात रंगवत होता.

राबिया मशीनवर बसली होती. तिनं काठी बघितली आणि तिचे हात थांबले. उठून आली. काठी हातात घेतली. कितीतरी वेळ नुसती धरून उभी राहिली, आणि अजीमला वाटलं की झालं आपलं काम.

मग तिनं मनगट हलवलं. काठी हलली, पण सगळी एकदम हलली, पहारीसारखी. तिनं परत हलवून बघितली. तिच्या चेहऱ्यावर आलेलं जे काही होतं ते हळूहळू ओसरलं.

"हिचा शेंडा कुठं गेला?"

"कापला. हलत व्हता."

"कापला," राबिया म्हणाली. आत स्वयंपाकघरात सुफियानं तोंडावर ओढणी दाबली, पण हसू बाहेर आलंच. राबिया मात्र हसली नाही. "अहो, मासा गळाला तोंड लावतो तवा आधी शेंड्याला कळतं. शेंडा लवतो म्हणून तर हाताला समजतं खाली काय चाललंय ते. एवढंच आठवतंय मला, बाकी समदं इसरले. आन् तुमी नेमकं तेवढंच कापून आणलं."

अजीम खाली बघत उभा राहिला. आपण केलेला माल पहिल्यांदाच लाल पेटीत पडला होता, आणि ते कसं लागतं हे त्याला कळत होतं.

"रहीमभाईनं सांगितलं का काठीचं?"

"सांगितलं. पण मला आठवत व्हतं." मग त्याला वाटलं हे काही पूर्ण खरं नाही. "त्यानं सांगितल्यावर आठवलं."

राबियानं काठी भिंतीला टेकवून ठेवली. ओढणीच्या टोकानं उगाच कपाळ पुसलं. "ऐतवारी सोहेब शिरूरला पार्ट आणायला जातोय. त्याच्यासंगं येते मी. काठी माझी मी निवडते. यायचं तर तुमी या दुकानात. पण एक ऐका."

"काय?"

"तितं तोंड उघडायचं न्हाई. ही वाकडी, ती बारीक, ह्याला डाग, त्याला डाग, असलं एक जरी बोलला, तर मी सोहेबच्या गाडीत बसून परत येणार. आन् मग मला बोलवायला येऊ नका तुमी. कवाच."

ती हे रागानं म्हणाली असती तर अजीमला बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली. आत सुफियाचंही हसू थांबलं.

रविवारी पोपटच्या दुकानात अजीम एका बाजूला, सुपांच्या उतरंडीजवळ उभा राहिला. हात पाठीमागं बांधलेले. सोहेबनं सासूला सोडलं आणि तो पार्टच्या दुकानाकडं गेला. पोपटनं अजीमला ओळखलं आणि त्याच्या कपाळावर आठी आली, पण ह्या वेळी गिऱ्हाईक दुसरंच आहे हे बघून तो सावरला.

राबिया घाई करत नव्हती. ती बांबू बघायची कमी आणि हातात धरायची जास्त. बुडख्याला धरून हात लांब करायची, डोळे मिटायची, मनगट थोडं हलवायची. काही काठ्या तिनं लगेच ठेवल्या, काही परत परत उचलल्या. आपण बरोबर करतोय की नाही हे तिलाही पक्कं ठाऊक नव्हतं. लहानपणी तिनं फक्त बाबांची काठी धरलेली, निवडलेली कधीच नाही. मध्येच ती हातातली काठी बघत थांबायची आणि अजीमला वाटायचं आता ती आपल्याला विचारणार. ती विचारत नव्हती. तरी तिच्या चेहऱ्यावर एक वेगळंच काही होतं. बाजारात भाजी घेताना, दुकानात कापड घेताना ती नेहमी त्याच्याकडं बघायची, हे त्याला आज ती बघत नव्हती म्हणून जाणवलं. आपल्या नजरेचं ओझं तिनं किती वर्षं वागवलं असेल, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो सुपांकडं बघायला लागला.

शेवटी तिनं एक काठी उचलली आणि खाली ठेवलीच नाही. सडपातळ होती, रंग पिवळा होऊन मळकट झालेला, मध्ये थोडी वाकलेली. तिनं ती हलवली आणि शेंडा वाऱ्यावरच्या गवतासारखा लवला. राबियाच्या तोंडून एक लहानसा आवाज आला. लग्नानंतर अजीमनं तो आवाज एकदाच ऐकला होता, सुफिया झाली तेव्हा.

आणि त्याच वेळी त्याला ते भोक दिसलं.

वरून तिसऱ्या गाठीच्या खाली, टाचणीच्या डोक्याएवढं. त्याच्या कडेला पिवळसर भुशाची बारीक रेघ. बांबूला आतून कीड लागली होती. राबियाचा अंगठा त्याच्यावरून गेला, पण तिला ते जाणवलं नाही. पोपट गिऱ्हाइकाला टोपली दाखवत होता. दिसलं ते एकट्या अजीमला, आणि त्याला तर दिसणारच होतं. सगळं आयुष्य त्यानं हेच केलं होतं.

सांगावं तर ती जाते. कायमची जाते, कारण राबिया बोलल्याप्रमाणं वागते. न सांगावं तर त्याच्या नजरेखालून खराब माल चाललाय, आणि कुणाच्या हातात, तर तिच्या. त्यानं मनाशी हिशेब करून बघितला. कीड लहान असेल. लहानच मासे असतात ओढ्यात. कदाचित काही होणारही नाही. आणि झालं तर? मग तिच्या पहिल्या काठीचं काय? एकदा त्यानं तोंड उघडलंसुद्धा. राबियानं मान वळवली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. आता हा बोलणार, आणि मला जावं लागणार, अशी.

अजीमला खोकला आला. तो खोकत दुकानाच्या बाहेर गेला आणि रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या जाणाऱ्या गाड्या बघत राहिला. थोड्या वेळानं राबिया काठी घेऊन बाहेर आली, आणि तिनं सोहेबला फोन करून सांगितलं की तू पुढं जा, संध्याकाळी चौफुल्यावर घ्यायला ये, हे मला तिथवर सोडतील.

दोघं वडगावला गेले. स्कूटरवर काठी राबियानं धरली होती, भाला धरल्यासारखी, आणि वाटेत दोनदा ती हसली. रहीमच्या पोरांनी तंगुसाचा दोरा आणि गळ दिला. तरंगायला राबियानं ज्वारीच्या धाटातलं भेंड, म्हणजे आतला हलका गाभा, सोलून त्याचा तुकडा बांधला. गांडुळं तिनं स्वतः केळीच्या बुडाशी उकरली, अजीमला किळस आली तरी तो काही बोलला नाही.

ओढा भीमेला मिळतो त्याच्या जरा वर, करंजाच्या सावलीत, एक डोह आहे. हिवाळ्यात पाणी निवळ असतं, तळाचे दगड दिसतात. राबिया काठावर मांडी घालून बसली, चप्पल बाजूला काढली, आणि तिनं गळ टाकला. पहिल्यांदा तो करंजाच्या फांदीत अडकला. दुसऱ्यांदा तिच्याच ओढणीत. तिसऱ्यांदा पाण्यात पडला. भेंडाचा तुकडा पांढरा दिसत होता आणि ती त्याच्याकडं बघत होती. अजीम थोडा मागं, दगडावर. तो तिच्याकडं बघत होता. तिची मान, कानाजवळचे पांढरे केस. ही बाई अशी शांत बसू शकते हे त्याला माहीतच नव्हतं. घरात ती सतत काहीतरी आवरत असायची. कुणामुळं, हे आता त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेंडा लवला. राबियानं झटका दिला आणि तळहाताएवढी चिलापी काठावर येऊन तडफडायला लागली. तिनं मागं वळून बघितलं. तो चेहरा बघून अजीमला एकदम वाटलं की ही बाई आपल्याला कधी भेटलीच नव्हती.

"मासा हाय," ती म्हणाली, जणू तो बघत नव्हता.

"हाय," तो म्हणाला.

दुसरी चिलापी आली. तिसरा मासा गांडूळ खाऊन पळाला. उन्हं तिरकी झाली तेव्हा भेंड एकदम खाली गेलं, तरंगलं नाहीच. शेंडा कमानीसारखा वाकला. मरळ असावी, नाहीतर वाम. पाण्यात काळी पाठ एकदा फिरली. राबिया उठून उभी राहिली, दोन्ही हातांनी काठी धरून, अनवाणी, ओढणी खांद्यावरून घसरलेली. अजीमही उठला. त्याची नजर माशावर नव्हती. ती तिसऱ्या गाठीवर होती.

काठी तिथंच मोडली. मोठा आवाज झाला नाही. वरचा तुकडा पाण्यात पडला, थोडा वेळ उलटसुलट हलला, आणि मासा त्याला ओढत भीमेच्या दिशेनं घेऊन गेला.

राबिया हातातल्या तुकड्याकडं बघत राहिली. मोडलेल्या टोकातून पिवळं पीठ गळत होतं. तिनं ते बोटावर घेतलं, चोळलं. मग ती सावकाश मागं वळली.

"तुमाला दिसलं व्हतं."

नाही म्हणणं सोपं होतं. पण अजीमनं आयुष्यात खोटा शेरा कधी मारला नव्हता. "व्हय."

"दुकानातच?"

"दुकानातच."

"आन् बोलला न्हाई?"

"तू म्हणली व्हतीस बोलू नका."

राबियानं तुकडा खाली टाकला. "पावसाळाभर खपून गोधडी शिवली, तवा बोलला. चपातीला बोलला, चिमट्यांना बोलला. आन् आज, जवा खरंच बोलायचं व्हतं, तवा गप्प ऱ्हायला?" तिनं भीमेकडं हात केला. "एवढा मोठा मासा व्हता तो."

"तू गेली असतीस," अजीम म्हणाला. "बोललो असतो तर तू गेली असतीस. काठी मोडली तर मोडली, म्हणलं."

तीस वर्षांत पहिल्यांदाच ह्या माणसानं एक खोट मुद्दाम सोडून दिली होती, आणि ती सोडताना त्याला किती त्रास झाला असेल हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिनं त्याला पोपटच्या दुकानाबाहेर खोकताना बघितलं होतं. तिला तेव्हा वाटलं होतं, धूळ गेली असेल.

राबिया काठावर बसली. आधी रडली, मग रडता रडता हसायला लागली, आणि अजीमला काय करावं कळेना, म्हणून तो तिच्या शेजारी जाऊन बसला. बूट पाण्यात गेले तरी त्यानं पाय मागं घेतले नाहीत. मग डोळे पुसून ती म्हणाली, "ह्याच्या पुढं दिसलं तर सांगायचं. पण आधी मला इचारायचं, सांगू का म्हणून. मी हो म्हणलं तरच सांगायचं."

"बरं."

पाणी वाहत होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी घेऊन घरी चाललं होतं.

"सांगू का?" अजीमनं विचारलं.

राबियाचे खांदे आखडले. "आताच? काय, सांगा."

खोट सांगायला त्याला कधी वेळ लागला नव्हता. आज लागला. "घरात तू न्हाईस," तो म्हणाला.

राबियानं तोंड पाण्याकडं वळवलं. तिनं ओढणी सावरली, चपला घातल्या, दोन्ही चिलाप्या करंजाच्या पानांत गुंडाळल्या. मग फोन काढला आणि लेकीचा नंबर लावला.

"सुफिया, सोहेबला म्हणावं चौफुल्याला येऊ नको," ती म्हणाली. "न्हाई गं, काय झालं न्हाई. माझी पिशवी तेवढी उद्या त्याच्याजवळ शिरूरला पाठवून दे."